क्विन्सीची बाजू

७ सप्टेंबर, रविवार

व्हॅनचा गिअरबॉक्स गेला म्हणून मी टोलीडोत आहे, हे आधी लिहून ठेवतो. नाहीतर पुढे कधी वाचलं तर वाटायचं की भावाच्या ओढीनं आलो. मेकॅनिक म्हणाला, दोन दिवस. दोन दिवसांनी मी पश्चिमेला निघणार, सफरचंदांची तोडणी संपायच्या आत.

क्विन्सी माझा सावत्र भाऊ. बाप एक, आया दोन, देशही दोन. बाप ट्रक चालवायचा, सरहद्दीच्या अलीकडे त्याची एक चूल होती आणि पलीकडे दुसरी. मी पलीकडच्या, नोव्हा स्कोशियातल्या चुलीचा. क्विन्सी तेहतीसचा, मी तेवीसचा. आजवर चारदा भेटलो असू, त्यात एकदा बापाच्या मयताला.

दहा वर्षं तो इथल्या ग्लासमेन संघातून फुटबॉल खेळतोय, इथला, हातानं फेकायचा. कॉर्नर आहे. कॉर्नर म्हणजे मैदानाच्या कडेला एकटाच उभा असणारा गडी. समोरच्यांचा सगळ्यात वेगवान झेलणारा सुसाट सुटतो, त्यांचा फेकणारा लांबून त्याच्याकडे चेंडू टाकतो, आणि कॉर्नरनं तो झेल होऊ द्यायचा नाही. मला एवढंच कळतं. आमच्याकडे सगळा जीव बर्फावरच्या हॉकीत.

आज ओमाहाविरुद्ध सामना होता. सामन्याच्या दिवशी क्विन्सी स्टिअरिंगला हात लावत नाही, म्हणून मी त्याला पोचवलं आणि मग त्याच्या आईशेजारी, मिस ओडेलच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पलीकडच्या बाईला म्हणाली, "हा त्याचा दुसरा." बापाचं नाव ती घेत नाही, माझंही नाही.

आता खरं सांगायचं तर मला भावाची लाज वाटली. पूर्ण दुपारभर त्याच्याकडे एकही चेंडू आला नाही. एकही! बिचारा पाठीमागे पळायचा, वळायचा, झेलणाऱ्याला चिकटून सत्तर पावलं जायचा आणि परत यायचा. चेंडू आपला दुसऱ्याच कडेला. मधे एक सीगल मैदानात उतरला आणि कुणाच्या तरी सांडलेल्या फ्राइजपैकी एक उचलून भर मध्यावर जाऊन बसला. पंचानं हाकललं तरी हलेना. लोक त्याला टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, आज क्विन्सीपेक्षा सीगलला जास्त काम मिळालं.

९ सप्टेंबर, मंगळवार

मेकॅनिक म्हणतो, पार्ट यायचाय.

नदीकाठी एका हंगेरियन म्हाताऱ्याचं सॉसेजचं दुकान आहे. त्याच्याकडचं पॅप्रिका घातलेलं सॉसेज खाल्लं की कानामागे घाम येतो. मी क्विन्सीचा भाऊ हे कळल्यावर तो काउंटरवर हात आपटून म्हणाला, "तुझ्या भावाची बाजू म्हणजे बंद दुकान! दहा वर्षं शटर खाली!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुझं दुकान बंद पडो. त्याच्याकडे कुणी चेंडूच टाकत नाही, त्याला तो काय करणार?"

म्हातारा हसून हसून गल्ल्यावर आडवा झाला. आत जाऊन बायकोलाही घेऊन आला आणि मला म्हणाला, "हं, परत बोल." मी पैसे काढले. सॉसेजचे पैसे घेतले नाहीत त्यानं. इथले लोक आपल्याच माणसाची अशी टर उडवतात, वर फुकट खायलाही घालतात. विचित्र गाव.

१७ सप्टेंबर, बुधवार

पार्ट आला, पण चुकीचा आला म्हणे.

क्विन्सी सकाळी सहाला स्वयंपाकघरात बसतो. ओटमीलचा वाडगा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी, समोर टॅब्लेट. पुढच्या संघाच्या झेलणाऱ्याचे पाय बघत बसतो. तोच तुकडा तीस वेळा. मी विचारलं, "चेहरा का नाही बघत?"

"डोळे खोटं बोलतात, भावा. खांदे पण बोलतात. कंबर कधी नाही बोलत. जिकडे कंबर, तिकडे माणूस."

मग त्यानं मला उठवलं, दार ते फ्रिज एवढ्या जागेत "मला चकव" म्हणाला. मी लॉब्स्टरच्या बोटीवर तीन हिवाळे काढलेत, पाय हलके आहेत माझे. डावीकडे दाखवून उजवीकडे निघालो. तो तिथे आधीच उभा. उजवीकडे दाखवून परत उजवीकडेच गेलो. तिथेही उभा, हातात ओटमीलचा वाडगा तसाच, थेंबही सांडलेला नाही. मिस ओडेल म्हणाली, "माझी भांडी फुटली तर दोघांना बाहेर काढीन." 'दोघांना' म्हणाली, हे मी नोंदवून ठेवतो.

२८ सप्टेंबर, रविवार

अखेर! मेम्फिसनं त्याच्याकडे तीन चेंडू टाकले. दोन त्यानं हवेतच थापटून पाडले. दुसऱ्या वेळी तर तो झेलणाऱ्याच्या पाठीमागे होता, आणि त्याचा हात त्या माणसाच्या दोन हातांच्या मधून कुठून तरी उगवला. मी किंचाळलो. तिसरा झेल गेला, चालायचंच.

मिस ओडेलनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. देवळात बसल्यासारखी बसते ही बाई.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काल सात! मोजले मी. लुईव्हिलचा फेकणारा सगळं सोडून क्विन्सीचीच बाजू शोधत होता. चार झेल गेले, त्यातला एक लांबवर, शेवटच्या रेषेपर्यंत. पण बाकीचे तीन कसले अडवले!

आज नाश्त्याला मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "सात वेळा, भावा! सुरुवातीला कुणी विचारत नव्हतं, आता सगळे तुझी दखल घ्यायला लागलेत!"

क्विन्सीनं चमचा खाली ठेवला. मग हसायला लागला, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसत पुसत बर्फाच्या टबात बसायला गेला. बराच वेळ आला नाही.

मिस ओडेलनं कॉर्नब्रेडचा लोखंडी तवा ओट्यावर असा आपटला की खिडकी थरथरली.

"कुठून आलायस तू? बर्फातून?"

"हो," म्हटलं. खरंच आलोय.

"बस इथं. नीट ऐक. पहिल्या सामन्यात त्याच्याकडे चेंडू आला नाही, ते का? विसरले होते त्याला? त्याच्याकडे टाकला तर परत मिळत नाही, म्हणून नाही टाकला. दहा वर्षं या देशातल्या मोठमोठ्या फेकणाऱ्यांनी माझ्या पोराची बाजू बघितलीसुद्धा नाही. अर्धं मैदान सोडून खेळले ते. चांगल्या कॉर्नरचं नाव दिवसभर कुणाच्या तोंडी येत नाही. आणि आता टाकतायत. का टाकतायत सांग?"

मला आता कळलं होतं.

"भीती गेली त्यांची," ती म्हणाली. तव्यातला कॉर्नब्रेड सुरीनं सोडवत राहिली, तो आधीच सुटला होता. "आजवर त्याला कुणी बाकावर बसवलेलं नाही. शाळेपासून नाही. आता बसवतील. सगळ्या गावासमोर कोच हात करून त्याला बाहेर बोलावणार, आणि मी ते बघणार. तेवढं एक माझ्या नशिबी नसावं." मग माझ्यापुढे मोठा तुकडा ठेवला. "खा, एमरी."

सॉसेजवाल्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ आता?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लिहावंसं वाटत नव्हतं. पश्चिमेला जावंसं वाटतं, पण जाववत नाही. शिवाय गाडी. आज मेकॅनिकला चांगलं झापलं. तो खाली मान घालून फडक्यानं हात पुसत म्हणाला, "तुझ्या भावाला विचार ना." क्विन्सीला गिअरबॉक्समधलं काय कळतं? तो तर चाक बदलायलाही माणूस बोलावतो. हा मेकॅनिक कामचुकार आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी संघाला सुट्टी असते आणि दर मंगळवारी मॅलकाय पेटवे इथे येतो. बावीस वर्षांचा, अलाबामाचा, संघानं याच वर्षी घेतलेला नवा कॉर्नर. म्हणजे क्विन्सी बसला की कोण उभं राहणार, ते मला सांगायला नको. आणि तो माझ्याच भावाच्या स्वयंपाकघरात बसून मिस ओडेलची पालेभाजी ओरपतो, वर क्विन्सीला म्हणतो, "आजोबा, तुमच्या काळात हेल्मेट चामड्याचं होतं ना?"

"हो," क्विन्सी म्हणतो, "आणि आत डोकंही असायचं. हा तुकडा परत लाव. काय दिसलं?"

"पाऊल आखडलं त्यानं."

"कितव्या पावलाला?"

"पाचव्या?"

"चौथ्या. पाचव्याला तुला दिसलं. तोवर तो तुझ्यापुढून गेला पण. परत लाव."

दोन दोन तास हेच. दहा वर्षांत साठवलेलं सगळं हा पोरगा डोळ्यांदेखत उचलून नेतोय आणि क्विन्सी दार उघडून देतोय. भोळेपणालाही सीमा असते. बापाचाही असाच फायदा घ्यायचे लोक. म्हणजे, तो सांगायचा तरी तसं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी एक गोष्ट केली. मॅलकायचा फोन आला, क्विन्सी अंघोळीला गेला होता. म्हटलं, "आज नको येऊस. क्विन्सीला बरं नाही. पुढच्या मंगळवारीही नको."

बरं वाटलं. मग दिवसभर बरं वाटलं नाही. काचेच्या संग्रहालयात जाऊन बसलो, फुकट आहे. तिथे एक माणूस फुंकणीनं बरणी फुंकत होता. मस्त गोल आली होती, नळीवरून सोडवताना तडकली. त्यानं ती शांतपणे भंगारात टाकली आणि परत भट्टीत नळी घातली. मी तासभर बघत होतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

क्विन्सीला कळलं. मॅलकायनं सरावाला त्याच्यासाठी मिस ओडेलला आवडतात तसल्या पेकनच्या वड्या आणल्या होत्या, आजारी माणसासाठी म्हणून.

क्विन्सी ओरडत नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला गॅरेजमध्ये घेऊन गेला आणि उलट्या बादलीवर बसवलं.

"त्याला इथं कुणी बोलावलं?"

"आला आपला."

"मी बोलावलं. जुलैमध्ये. कोच डोबला मीच म्हटलं, याला माझ्याकडे द्या."

कोच डोब म्हणजे डोब्रोव्स्की, कॉर्नरांचा कोच. सतत सूर्यफुलाच्या बिया चघळणारा माणूस.

"तो तुझी जागा घेणार आहे," मी म्हटलं. "सगळं शिकवून तूच त्याला..."

"भावा, मला अजून वाचता येतं. समोरचा कुठे जाणार हे मला त्याच्या आईच्या आधी कळतं. पण पोचता येत नाही. पहिली दहा यार्डं माझी आहेत. पुढची तीस पाय देत नाहीत." त्यानं मांडी चोळली. "त्याला पोचता येतं, वाचता येत नाही. मग काय करू? कुलूप लावून किल्ली खिशात घालू?"

"पण ती बाजू तुझी आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला. "माझी आहे, तर तिथे कोण उभं राहायचं ते मी बघणार. कोचनं हात करून बोलवायच्या आत."

मग म्हणाला, "त्याला फोन कर. खोटं बोललो म्हणून सांग." मी केला. मॅलकाय म्हणाला, "माहीत होतं मला. माझा भाऊ असता तर मीही तेच केलं असतं. पेकनच्या वड्या उरल्यात का?"

मी पश्चिमेला जाण्याविषयी चार आठवडे काही लिहिलेलं नाही, आत्ता लक्षात आलं.

७ डिसेंबर, रविवार

परगावी सामना, घरी टीव्हीवर बघितला. पाच चेंडू, तीन झेल. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, "क्विन्सी बील्सचं वय दिसायला लागलंय." मिस ओडेलनं आवाज बंद केला. उरलेला सामना आम्ही मुक्यानं बघितला. मधे ती म्हणाली, "अडवलेले दोन कुणी सांगत नाही." खरंच, दुसरा जो अडवला तो पाहायला हवा होता. पडता पडता, आडवा, करंगळीनं. वय दिसत असेल, पण त्या करंगळीचं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

कालचं नीट लिहायचं आहे, म्हणून आज दुपारी बसलोय.

लुईव्हिल परत, या वेळी आमच्या मैदानावर. जिंकलो तर पुढच्या फेरीत, हरलो तर वर्ष संपलं. बर्फ आडवा पडत होता. लुईव्हिलवाले सुरुवातीपासून क्विन्सीच्या बाजूनं. पहिल्या अर्ध्यात त्यानं तीन अडवले, दोन सुटले. शेवटच्या सव्वा मिनिटाला आम्ही चार गुणांनी पुढे, चेंडू त्यांच्याकडे. चार गुण म्हणजे त्यांना शेवटची रेषाच ओलांडायला हवी.

पहिला चेंडू क्विन्सीवर. लांबचा. तो आधी वळला, मी शपथेवर सांगतो, झेलणाऱ्याच्याही आधी तो वळला. बरोबर जागी निघाला. आणि पोचला नाही. हातभर कमी पडला. झेल झाला, क्विन्सीनं मागून त्याला खाली ओढलं. उठताना त्याला वेळ लागला. शेवटची रेषा तीस यार्डांवर.

मी कोचकडे बघत होतो. डोबनं बिया थुंकल्या, हात वर उचलायला लागला, परत खिशात घातला. त्याच्यानं होईना.

तेवढ्यात क्विन्सीनं स्वतःच्या हेल्मेटवर दोनदा थाप मारली आणि चालत बाहेर आला. पळत नाही, लंगडत नाही, चालत. मॅलकाय त्याच्याजवळून आत पळाला. क्विन्सीनं त्याला थांबवलं, त्याच्या कमरेला बोट लावून काहीतरी चार शब्द सांगितले आणि सोडलं.

"बसवला!" मी ओरडलो. "शेवटी बसवलाच! अरे डोब्या, तुझ्या..."

"गप," मिस ओडेल म्हणाली. तिनं माझं मनगट असं धरलं की अजून वळ आहे. "कुणी नाही बसवला. डोक्यावर थाप म्हणजे, मी बाहेर येतो, दुसरा पाठवा. खेळणारा स्वतः मागतो ते. दहा वर्षांत त्यानं कधी मागितलं नव्हतं. बरगडी मोडली होती तेव्हासुद्धा नाही."

ती रडत होती, पण मान ताठ. "बघितलंस? विचारलं नाही कुणाला. स्वतः आला."

लुईव्हिलवाल्यांना काय, नवीन पोरगा दिसला, लगेच त्याच्यावर टाकला. मॅलकायनं तो असा झोडपला की चेंडू बाकावर गेला. दुसरा परत त्याच्यावर, तो झेल झाला, पण जागच्या जागी धरून पाडलं. मग फेकणाऱ्यानं तिकडे बघितलं, पाऊल अडखळलं आणि दुसरीकडे टाकला. दुसरीकडे आपले दोघे होते. झेल झाला नाही, वेळ संपली, आम्ही जिंकलो.

सगळे मैदानात धावले. क्विन्सी कडेला उभा होता, हेल्मेट काखेत, केसांवर बर्फ. शेवटचा चेंडू दुसरीकडे गेला तेव्हा त्यानं एकच टाळी वाजवली होती, हातमोज्यांची, तिचा आवाजही आला नसेल.

घरी आल्यावर मी विचारलं, "वाईट वाटलं का?"

"खूप," तो म्हणाला आणि दोन वाडगे राजम्याची तिखट चिली खाल्ली.

३० डिसेंबर, मंगळवार

पुढच्या रविवारी मॅलकाय सुरुवातीपासून उभा राहणार. क्विन्सी संघाबरोबर आहे, पण कडेला. हे वर्ष संपलं की खेळणार की नाही, ते कुणी विचारत नाही. मी तरी का विचारू? विश्रांती घेईल, पाय बरे होतील, परत येईल.

दुपारी चर्चमागच्या मोकळ्या जागेत गेलो. परवाचा बर्फ लोकांनी फावड्यानं कुंपणाशी ढकलला होता, मधे पंधरा यार्डांचा कोरडा पट्टा. मॅलकाय पुढच्या संघाच्या झेलणाऱ्याची नक्कल करणार, क्विन्सी त्याला अडवून दाखवणार, की मॅलकायला उलट्या बाजूनंही कळावं. चेंडू टाकायला कुणी नव्हतं.

"एमरी, तू टाक," क्विन्सी म्हणाला.

"मला नाही येत."

"बर्फाचे गोळे टाकले असशील ना? तसाच. लांब नाही, कुंपणापर्यंतच."

चार महिने मी त्याला वरून, बाजूनं, टीव्हीतून बघितलं होतं. समोरून, फेकणाऱ्याच्या जागेवरून, कधीच नाही. क्विन्सी ट्राउझरवर जुना स्वेटर घालून उभा होता, गुडघे किंचित वाकवून, हात सैल. मॅलकाय सुटला. बावीस वर्षांचे पाय, डावीकडे झोकांडी, उजवीकडे उसळी. क्विन्सी मागे सरकला, वळला, काही घाई नाही. मॅलकायचा हात वर आला.

"टाक!"

मी हात उचलला. मॅलकायच्या छातीसमोर क्विन्सीचा खांदा. थोडा वर टाकावा तर तिथे त्याचा पंजा. पाठीमागे टाकावा तर त्याची कंबर आधीच तिकडे वळलेली. मॅलकाय थांबला, उलटा फिरला, कुंपणाकडे धावला. मला वाटलं, आता. आताही नाही.

"अरे टाक ना, मोकळा आहे मी!" मॅलकाय ओरडला. तो मोकळा नव्हता. त्याला माहीत नव्हतं, मला इथून दिसत होतं.

रस्त्याकडेला मिस ओडेलनं गाडीची काच खाली केली. "एमरी, कसली वाट बघतोयस? जेवण गार होतंय!"

चेंडू दोन्ही हातांत घट्ट धरून मी ओरडलो, "पण टाकू कुठे?"

क्विन्सी पाठमोरा होता. त्याचे खांदे हलत होते, हसण्यानं, पण मधून बाजूला झाला नाही.